मागावरचं मंत्रिमंडळ

दिनांक : नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस, १९७७. स्थळ : सोलापूर, पूर्व भागातली आमच्या विणकर सोसायटीची मागशाळा. हजर : विणकर मल्लय्यामामा, रंगीत सुताच्या कांड्या भरायला त्यांच्या पत्नी नरसम्मा, गिरणीतून निवृत्त झालेले जॉबर (मुकादम) आणि कामगार वाचनालयाचे अध्यक्ष दत्तोबा, वाचनालयाचे चिटणीस आणि रात्रशाळेत इतिहास शिकवणारे गायकवाड सर, आणि सोसायटीच्या ऑर्डरी सांभाळणारी मी. शिवाय मागावर, जवळजवळ विणून झालेलं, रशियातल्या क्रांतीनंतरचं पहिलं मंत्रिमंडळ. त्यात रेल्वेमंत्री गैरहजर. ती जागा तेव्हा भरलीच गेली नव्हती.

अशी हजेरी लिहून ठेवायची मला सवय आहे. सोसायटीच्या बैठकांत ती लागली. काम बिघडलं की "मी त्या दिवशी नव्हतोच" म्हणणारे निघतात, आणि काम नावाजलं गेलं की "मी तिथंच होतो" म्हणणारे त्याहून जास्त. या कामाचं पुढे दोन्ही झालं, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकलं.

आधी धंद्याबद्दल दोन शब्द. भिंतीवर लावायची चित्रं आम्ही विणतो. गिऱ्हाईक त्याला वॉल हँगिंग म्हणतं आणि बहुतेकांना ते छापलेलं वाटतं. तसं नसतं. ताणा, म्हणजे उभे धागे, पांढऱ्या सुताचा. आडवा धागा रंगीत. पण चादरीसारखा तो या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. गालाचा धागा गालापुरता जातो आणि परत फिरतो, तिथून दाढीचा धागा सुरू होतो. दोन रंग भेटतात तिथे त्यांना एकमेकांत अडकवायचं. त्यामुळे चित्रातला प्रत्येक माणूस शेजारच्याला धरून असतो. चित्र आडवं झोपवून विणतात, तेही उलट्या बाजूनं. चौकटीच्या कागदावरचा नमुना ताण्याखाली ठेवलेला असतो, आणि चेहरा येतो तो कानापासून. आधी कान, मग एक डोळा, मग नाक, मग दुसरा डोळा.

दुसरा डोळा पुरा झाला की नरसम्मा उठतात आणि मागाला हळदकुंकू लावतात. मामा हात जोडतात, तांब्यातलं पाणी पितात आणि पुढे विणायला लागतात. डोळे उघडले, असं ते म्हणतात. डोळे उघडलेला चेहरा त्यांच्या घराण्यात कुणी उसवत नाही. मग तो देवाचा असो, पुढाऱ्याचा असो, नाहीतर कुणाच्या वडिलांचा.

वडिलांवरून आठवलं. करमाळ्याचे एक आडत व्यापारी वडिलांचा जुना, पिवळा पडलेला फोटो घेऊन आले होते. म्हणाले, "जरा हसरे करा. जन्मात कधी हसले नाहीत." मामांनी फोटो उजेडात धरला. "हसवतो की ओ शेट. पन मग घरात कुनी वळकनार न्हाय." शेवटी ओठाच्या कोपऱ्यात दोन-चार धागे फिकट घातले, तेवढंच. चित्र न्यायला आले तेव्हा शेटजी दारातच थबकले, आपोआप चपला काढल्या आणि माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. गाडीत ठेवतानाही वडिलांचं डोकं खाली होऊ दिलं नाही.

दुसरं गिऱ्हाईक मंगळवेढ्याचं. दोन भाऊ आणि मधे आई, असं चित्र आम्ही करून दिलं होतं. पुढे वाटण्या झाल्या. थोरला चित्र घेऊन आला, "धाकट्याला काढा, तिथं ज्वारीची कणसं विणा." मामा म्हणाले, "डोळे उगडलेत त्याचे. म्या हात लावत न्हाय." थोरल्यानं रागारागानं घरी जाऊन स्वतःच कात्री चालवली. महिन्याभरात आईचा खांदा सुटला, मग तिचा पदर, मग त्याचा स्वतःचा कान. धागे धरायला शेजारी माणूसच उरला नव्हता. ते चिंध्यांचं गाठोडं दुरुस्त होईल का म्हणून विचारायला तो आला, तेव्हा मामांनी फक्त हात जोडले.

आता मंत्रिमंडळाकडे येते.

क्रांतीला साठ वर्षं होणार म्हणून कामगार वाचनालयानं हे काम आम्हाला दिलं. दत्तोबांकडे एक जुनी पुस्तिका होती. कव्हर गेलेलं, पानं तंबाखूच्या रंगाची. तिच्या मधल्या पानावर पंधरा अंडाकृती चौकटी, प्रत्येकीत एक चेहरा. गिरणीत नवे असताना संपाच्या काळात कुणीतरी त्यांच्या हातात ती दिली होती, आणि तेव्हापासून ती ट्रंकेत होती.

"ताई, वाचनालयाच्या भिंतीवर ह्ये सगळे पायजेत," दत्तोबा म्हणाले. "येकबी कमी न्हाय."

मामांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता आणि दुसऱ्यात सुरू झाला होता. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं होतं. मामांनी एवढं एक काम मागून घेतलं. पंधरा चेहरे एका चित्रात त्यांनी कधी विणले नव्हते, आमच्या सोसायटीतही कुणी विणले नव्हते. हे शेवटचं, हे ते जाणून होते आणि मीही.

त्यांची एक अट असायची. माणूस काय करायचा ते कळल्याशिवाय ते त्याचं कपाळ सुरू करत नसत. म्हणून रोज संध्याकाळी रात्रशाळेला जायच्या आधी गायकवाड सर मागशाळेत येऊन एकेका चेहऱ्याबद्दल सांगायचे. पलीकडच्या खोलीत यंत्रमागांचा खडखडाट, त्यामुळे सरांना वर्गात बोलतात त्याहून मोठ्यानं बोलावं लागे.

मी हिशेब लिहीत बसलेली असे, पण कान तिकडेच. काय ऐकलं मी! मंत्री हा शब्दच त्यांना नको होता; जुन्या राजवटीचा वास येतो म्हणून त्यांनी स्वतःला लोकांचे कमिसार म्हणवून घेतलं. त्यांतल्या कुणी याआधी साधी नगरपालिकाही चालवली नव्हती. बहुतेक जण तुरुंगातून नाहीतर हद्दपारीतून आलेले. मजूरखातं ज्याच्याकडे दिलं तो कारखान्यात धातूकाम करणारा कामगार.

"म्हंजे लेथवरचा?" दत्तोबांनी विचारलं. ते हे पन्नासाव्यांदा ऐकत असावेत.

"लेथवरचा धरा."

"ऐकलंस का मल्लय्या? लेथवरनं उठला आन् मंत्री झाला. त्येचे हात नीट विण."

"चित्रात हात न्हाईत, दत्तोबा. गळ्यापत्तुरच हाय."

"मग मानंत ताकद दाखव."

नव्या मंत्र्यांना खात्यांचे कारकून दाराशीच अडवत, सर सांगायचे. कारकुनांचा संप होता. कपाटांना कुलुपं, किल्ल्या गायब. एका खात्याची सुरुवात अशी झाली म्हणे, की एका खोलीत एक कोच आणून ठेवला, भिंतीला खात्याच्या नावाचा कागद डकवला आणि थकलेला अधिकारी त्याच कोचावर झोपी गेला. तो कोच म्हणजेच अर्थखातं.

मी लेखणी खाली ठेवली. नवं खातं उघडायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. आमच्या सोसायटीत रंगसुताचं वेगळं खातं काढायचं ठरलं, तेव्हा कपाट, टेबल, शिक्का, शिपाई आणि किल्ल्यांचा जुडगा मिळेपर्यंत वर्ष गेलं. या माणसांनी एवढा अफाट देश एका कोचावरून चालवायला घेतला होता! दिवाळी-दसऱ्याला लोक देवाचं काहीबाही अद्भुत ऐकतात, तसं मला ते ऐकून होई. त्यांचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही, तेवढं मला कळतही नाही. पण कागदाला डिंक लावून तो भिंतीवर डकवला की खातं सुरू, एवढं धाडस त्यांनी आणलं कुठून, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

"आन् रेल्वे कुनाकडं?" मामांनी एकदा विचारलं.

"कुणाकडेच नाही. जागा रिकामी."

"मग गाड्या कोन चालवायचं?"

"गाडीवाले," दत्तोबा म्हणाले. "मंत्री असूनबी तेच चालवत्यात."

पुढे थोड्याच दिवसांत एका बाईकडे समाजकल्याणाचं खातं आलं, असं सर म्हणाले, तेव्हा नरसम्मांनी कांडी थांबवली. "कुटं हाय ती? दाखवा की."

"ती यात नाही. चित्र आधीचं आहे."

"अय्यो! मग जरा थांबून काडायचं की चित्र."

चेहरे एकेक करून येत गेले. जाडसर चष्मे, कुरळे केस, टोकदार दाढ्या. कोपऱ्यातला एक तरुण, दाट मिशांचा, कुठल्याशा दुय्यम खात्याचा. प्रत्येकाला हळदकुंकू. मागाचा दांडा लाल-पिवळा होऊन गेला होता.

आणि मग नारळी पौर्णिमा आली. त्या दिवशी विणकरांच्या कुलदैवताचा, मार्कंडेयाचा रथ, सगळे माग बंद. दुसऱ्या दिवशी मामा कानामागचा गुलाल तसाच ठेवून मागावर बसले, तोच गायकवाड सर आले. मुंबईला, क्रांतीच्या साठीचा समारंभ ठरवणाऱ्या वरच्या समितीकडे जाऊन आले होते. हातात नवी कोरी गुळगुळीत पुस्तिका. मागोमाग दत्तोबा, खोकत.

"मामा, जरा थांबा," सर म्हणाले. "समारंभाला रशियाहून पाहुणे येणार आहेत. मुंबईच्या समितीनं चित्राची चौकशी केली. त्यांनी हे दिलंय." त्यांनी पुस्तिका उघडली. तेच मंत्रिमंडळ, पण चेहरे मोजकेच. गाळलेल्या चेहऱ्यांच्या जागी वेलबुट्टी काढलेली. "एवढेच ठेवायचे. बाकीचे चालणार नाहीत. पाहुण्यांसमोर अवघड होईल."

"बाकीचे म्हंजे कोन?" दत्तोबांनी विचारलं.

सर मागाजवळ वाकले, पुस्तिकेत बघत वरच्या ओळीतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवलं. "हा एक."

मामांनी मान वर केली. "सर, हे उलट्या बाजूनं हाय. तुमी मंत्रिमंडळाच्या अध्यक्षालाच काडाय लागलाय."

सरांनी चटका बसल्यासारखं बोट उचललं. नरसम्मा तोंडाला पदर लावून हसल्या. हसणं तेवढंच. सरांनी पुन्हा, या वेळी नमुन्याच्या कागदावरून, एकेक चेहरा दाखवला. दत्तोबांचा धातूकामगारही त्यात निघाला.

"ह्यानं काय केलं?" दत्तोबा म्हणाले.

सरांनी पुस्तिका मिटली. मग त्यांनी सांगितलं. मला वाटतं, ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं आणि दत्तोबांना सांगायचं त्यांनी टाळलं होतं. वीस-एक वर्षांनी यांतल्या बऱ्याच जणांना त्यांच्याच सरकारनं देशद्रोही ठरवलं. गोळ्या घातल्या. मग पुस्तकांतून, फोटोंतून काढलं. आणि हे ज्याच्या हुकमानं झालं तोही याच चित्रात होता. कोपऱ्यातला, दाट मिशांचा.

दत्तोबा सुताच्या पेटीवर बसले. तीस वर्षं ट्रंकेत जपलेली पुस्तिका त्यांनी मांडीवर धरली होती. "मास्तर," ते म्हणाले, "लेथवरच्यालाबी?"

"त्यालाही."

यंत्रमागांचा खडखडाट चालूच होता. मामांनी ताण्यावरून हात फिरवला, जसा झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवतात. "मी काडत न्हाय," ते म्हणाले.

"मामा, ऐका. काढले नाहीत तर समिती चित्र लावू देणार नाही. एवढी तुमची मेहनत गोदामात घडी घालून पडेल."

"पडू दे. आमचा मार्कंडेय तुमाला म्हायती हाय का सर? यम फास घिऊन आला, तरी त्यानं पिंडीला मारलेली मिठी सोडली न्हाय. काल आमी त्याचाच रथ वडला. आन् आज मी ह्यांना भायेर काडू? यमाचं काम माज्याकडं देऊ नका."

सर चिडले नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. ते माझ्याकडे वळले. मी मंगळवेढ्याच्या चित्राचं काय झालं ते सांगितलं. एक काढला तर शेजारचा सुटतो; इतके काढले तर अध्यक्षांची दाढीसुद्धा जागेवर राहणार नाही. ही काही भावनेची गोष्ट नव्हती, कापडाची होती. सरांना ती पटली, पण समितीला कशी पटवायची?

तोड नरसम्मांनी काढली. "झाका की मग. नैवेद्याच्या टायमाला देवाला पडदा लावतो तसा. देव काय जातो व्हय कुटं?"

"बुरख्यातलं मंत्रिमंडळ!" दत्तोबा ओरडले आणि खोकल्यानं वाकले.

पण ठरलं तेच. जे चालणार नव्हते त्या प्रत्येक चेहऱ्यावर रेशमी कापडाचा छोटा पडदा, वरच्या बाजूनं टाचलेला. समितीला सर म्हणाले असतील की सोय केली आहे. काय सोय ते बहुतेक सांगितलं नसावं. उरलेले चेहरे मामांनी त्याच नेमानं विणले आणि डोळे उघडल्यावर प्रत्येकाला हळदकुंकू झालं. चित्र मागावरून उतरवून सुलट केलं तेव्हा मागशाळेतले सगळे विणकर काम टाकून आले. पंधरा जण आपल्याकडे बघतायत! एकानं टोपी काढली. मामा मात्र अगदी जवळ जाऊन बघत होते. लांबून त्यांना दिसेनासं झालं होतं.

नोव्हेंबरात समारंभ झाला. वाचनालयाच्या एका खोलीत जेवढी माणसं मावतात त्याच्या दुप्पट होती. पाहुणे म्हणजे एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून आलेल्या साठीच्या आतल्या एक बाई, स्वच्छ हिंदी बोलणाऱ्या. त्यांचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही.

चित्रावरचं कापड बाजूला झालं. टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या. आमची चूक आमच्या तेव्हा लक्षात आली. झाकलं म्हणजे दिसणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात खोलीतल्या प्रत्येकाची नजर पडद्यांवरच गेली. उघडे चेहरे कुणी बघतच नव्हतं.

वयस्कर पाहुण्यांनी काहीतरी विचारलं. बाईंनी ते हिंदीत सांगितलं, "पूछ रहे हैं, ये परदे किसलिए?"

गायकवाड सर उठले. "ये हाथकरघे की... एक पद्धत..." म्हणाले आणि थांबले. मी मामांकडे बघितलं. ते भिंतीशी उभे, पंचा दोन्ही मुठींत आवळलेला. चित्र आता उतरवतील, या विचारानं त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"बाई," दत्तोबा पहिल्या रांगेतून म्हणाले, "उचलून बगा की."

बाईंनी एक पडदा उचलला. मग दुसरा. तिसऱ्यापाशी त्यांचा हात थांबला. मी शेजारीच होते, पडदे पडू नयेत म्हणून मला तिथं उभं केलं होतं. त्या अगदी हळू आवाजात, भाषांतर न करता, जणू माझ्या एकटीशीच बोलल्या.

"इनको मैंने काला किया था। स्कूल में। टीचर ने कहा, किताब खोलो, फलाने पन्ने पर स्याही लगाओ। बैंगनी स्याही थी।" थोड्या वेळानं म्हणाल्या, "मैंने बहुत अच्छे से किया था। कुछ भी नहीं दिखता था।"

त्यांनी पडदा सोडला नाही. दुसऱ्या हातानं पर्समधल्या टाचण्या काढल्या, पडदा वर उलटवला आणि टाचून टाकला. मग पुढचा. वयस्कर गृहस्थ खुर्ची ओढून घेऊन चित्रासमोर बसले, चष्मा पुसला, पुन्हा घातला. भाषण त्यांनी केलंच नाही. चहासुद्धा तिथंच बसून घेतला. धातूकामगाराचा पडदा उलटला तेव्हा दत्तोबा उठून उभे राहिले, आणि त्यांच्यामागे, कशासाठी ते माहीत नसताना, सगळी खोली उभी राहिली.

चित्र उतरवा असं नंतर कुणीच म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नरसम्मांनी कात्रीनं पडद्यांचे टाके कापले. मामा खाली सतरंजीवर बसून होते. "ऱ्हायले न्हवं सगळे?" त्यांनी विचारलं. मी एकेकावर हात ठेवून मोजून दाखवले.

निघताना बाईंनी मला एक काम सांगितलं होतं. चेहऱ्यांखाली नावं लावा, नाहीतर पुढच्या माणसाला कळणार कसं? त्यांनी स्वतः बसून नावं आणि खाती सांगितली, मी देवनागरीत लिहून घेतली. मामांच्या सांगण्यावरून त्यांच्या भाच्यानं प्रत्येक नावाची अरुंद पट्टी विणली आणि मी त्या एकेक करून चित्राला शिवल्या.

दोन सोडून. शेवटच्या ओळीत शेजारी शेजारी दोन चेहरे आहेत, दोघेही एकाच वयाचे, दोघांनाही दाढी. एक टपाल-तार खात्याचे आणि एक अन्नपुरवठ्याचे, एवढं बाईंना ठाऊक होतं. कोण कुठला ते नव्हतं. "दोनों पर एक ही दिन स्याही लगाई थी," त्या म्हणाल्या.

दत्तोबांच्या पुस्तिकेत नावं एकत्र छापलेली आहेत, कोणतं कुणाचं ते नाही. गायकवाड सरांनी पुण्या-मुंबईची ग्रंथालयं पालथी घातली. एका पुस्तकात एकाचा फोटो सापडला, पण तो दाढी काढल्यावरचा. दत्तोबा दर आठवड्याला विचारतात आणि दर आठवड्याला म्हणतात, "लाव की ताई अंदाजानं. कोन बगतंय?"

मामांचं ऑपरेशन झालं, विणकाम सुटलं. त्यांना मी एकदा विचारलं, अंदाजानं लावू का? ते म्हणाले, "अक्का, दुसऱ्याच्या नावानं हाक मारली तर तो वळून तरी बगंल का?"

या दिवाळीच्या आवराआवरीत टेबलाचा खण पुन्हा साफ केला. पट्ट्या दोन, सुई दोरा ओवलेली. शिवायच्या राहिल्या आहेत.